चार दिवसांचं कुलूप

व्हाइटफील्डच्या मळ्यात विश्वासराव लाल वाइन करायचे. परवाना त्यांचा, गिऱ्हाईक कँटोन्मेंटचा क्लब. करायचे म्हणजे करायची तानूबाई. विश्वासराव घोट घेऊन मान डोलवायचे.

निळ्या द्राक्षांची दोन पिपं आणि काळ्यांचं एक. निळीला वास आणि आंबटपणा, काळीला रंग आणि अंग. द्राक्षं चेचून पिपात घातली की रस फसफसतो, सालं वर येऊन जाड थर धरतात. तो थर सकाळ-संध्याकाळ दांड्यानं खाली दाबावा लागतो. नाही दाबला तर वर वारा लागून सगळ्याचा शिरका होतो. पुढं रस गाळून निवळला की मिळवणी. चार मापं निळी, एक माप काळी, बाकीचं जिभेवर. तेवढी जीभ सबंध मळ्यात निपाणीकडून आलेल्या या एकट्या विधवेला होती.

अठ्ठावन्न सालच्या तोडणीला थर नुकता धरला, आणि तिला कावळा शिवला. मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीत हे लपत नाही. बाईनं नळावर पाणी वेगळं भरलं की सगळ्यांना कळतं.

मुकादम मालोजीनं तिला पिपांच्या खोलीच्या दारातच अडवलं. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. बोलणं निम्मं कानडी झालं होतं, विटाळ मात्र जसाच्या तसा जपला होता.

"अक्का, चार दिवस पिपांकडं फिरकू नको."

"मग थर कोण दाबंल?"

"बघतो की. स्वल्प धीर धर."

"धीर मी धरीन. रस धरत न्हाई."

पुढच्या खोलीत निळ्याचं एक पीप होतं, तिथं त्यानं कुलूप ठोकलं. मागच्या पडवीतल्या दोन पिपांना नुसती कडी होती. थर दाबायला तो स्वतः गेला नाही, दुसऱ्या कुणाला सांगितलंही नाही. पाचव्या दिवशी कुलूप काढलं तर शिरक्याचा भपकारा आला.

"हिनंच हात घातला असणार," मालोजीनं मालकांना सांगितलं.

तानूबाईनं खरं बोलावं तर दुसराच गुन्हा कबूल होत होता. विश्वासराव म्हणाले, उरलेल्या दोन पिपांची मिळवणी बघू, मग हिचं ठरवू.

तीन महिन्यांनी तिनं मिळवणी केली. विश्वासरावांनी पेला उजेडात धरला, घोट तोंडात घोळवला, गिळला.

"तानूबाई, अशी तर तुलाही आजवर जमली नव्हती. राहा तू."

"ही दोन वाचली मालक," मालोजी मध्येच म्हणाला. "पुढच्या खोलीतल्या पिपावर हिची सावली पडली. कुलपाला मला अर्धा दिवस उशीर झाला."

"सरी, ठीक आहे. पुढच्या साली तिन्हींना वेळेवर कुलूप लाव."

विश्वासरावांनी दुसरा घोट घेतला. तानूबाईला गप्प बसून काम राखता आलं असतं. फार तर एक साल. पुढच्या साली तिन्ही पिपं नासणार होती आणि तिन्ही तिच्याच माथी बसणार होती.

"मालक, नासलं त्या पिपाला मी शिवले न्हाई. कुणीच शिवलं न्हाई, म्हणून नासलं. तुमच्या तोंडात हाय, त्यात माझा दांडा चारी दिवस होता. पहाटं आन दिवेलागणीला."

विश्वासराव फरशीवर थुंकले. मालोजीनं धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मालकांनी तीनदा चूळ भरली.

"आजच्या आज सामान उचल."

"उचलते. आन ही दोन पिपं? गटारात ओतणार?"

"ती क्लबात जातील. त्या लोकांना चालतं."

"त्यांना सांगून देणार?"

विश्वासराव तोंड पुसत आत गेले.

दुपार कलताना ती पत्र्याची ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघाली, तेव्हा पडवीत बाटल्या भरणं जोरात चाललं होतं. मालोजीनं लाइनीतून हाताला लागतील त्या सहा बाया बसवल्या होत्या. त्यातली कोण कितव्या दिवशी आहे, हे त्यानं विचारलं नाही. माल सहाच्या गाडीला घालायचा होता.