नख उचलतंय

इंग्लंडातल्या बर्कनहेडच्या बाजाराकडून खाली उतरलं की चावीवाल्याच्या शेजारी कोलेटचं नखांचं दुकान लागायचं. दोन टेबलं, भिंतीवर रंगांच्या बाटल्या आणि दारामागे लहानसा क्रूस. दुकान काही दिखाऊ नव्हतं, पण कोलेटनं बसवलेलं नख उचलत नाही, असं त्या भागातल्या बायका एकमेकींना सांगायच्या, आणि ते खरं होतं.

नख उचलतं म्हणजे वर बसवलेलं अॅक्रिलिकचं खोटं नख खालच्या खऱ्या नखापासून कडेला सुटायला लागतं. सुटलं की फट पडते, फटीत पाणी जातं, पाण्यामागून मळ जातो आणि आत कोंडून बसतो. मग हिरवट डाग. बायका खोटं नख घडवायच्या पावडरीला दोष देतात, कोलेट देत नसे. सगळं काम पावडर लावायच्या आधीचं, असं ती म्हणायची. कातडीचा जो पातळ पापुद्रा नखावर चढून बसतो, दिसतही नाही, तो आधी हलक्या हातानं काढायचा. कानशीनं नुसती वरची चमक घालवायची, नख खरवडायचं नाही. मग पुसून कोरडं करायचं, आणि एकदा कोरडं केलं की त्याला आपलं बोट लागू द्यायचं नाही. ब्रशवरचा थेंब ठेवताना कातडीपासून केसभर जागा सोडायची. हे सगळं करताना तिच्या ओठांत मरियेची प्रार्थना चालू असे. कुणाला ऐकू जात नसे. एक बोट झालं की एक प्रार्थना झालेली असे, इतकंच.

आणि नेमकी तिच्या सख्ख्या बहिणीची नखं उचलायला लागली.

ब्रायडी थोरली. बिंगोच्या हॉलमध्ये तिकिटांच्या खिडकीत तिची सगळी उमर गेली. काचेखालून तिकीट सरकवणारी ती लांब, पोवळ्याच्या रंगाची नखं गावाला ओळखीची होती, चेहऱ्याकडे कोण बघतंय. कर्करोग निघाला, औषधाच्या सलाइन सुरू झाल्या, केस गेले. तेव्हा डोक्याला रुमाल गुंडाळत ती म्हणाली होती की जाऊ देत मेले, नखं आहेत ना. कोलेटनं तिच्यासाठी नवसासारखी ईस्टरपर्यंत चहातली साखर सोडली, आणि ईस्टर होऊन गेला तरी परत घेतली नाही.

मे महिन्यात ब्रायडीच्या नातीचं, ऑर्लाचं, पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा विधी. त्या घरात मुलीच्या डोक्यावरचा पांढरा वेल, ती जाळीची ओढणी, आजीनंच टाचायचा, अशी रीत. ब्रायडीला तिच्या आजीनं टाचला होता. आता तिची पाळी आली होती, आणि पुढच्या कुठल्या नातीपर्यंत आपण असू असं तिनं धरलेलं नव्हतं. त्या दिवशी हात नीट दिसले पाहिजेत, एवढं एकच ती कोलेटपाशी मागत होती. रुमालाची पोरीला सवय झालीय, म्हणायची, आजारी हातांची नको व्हायला.

पण नखं टिकेनात. आज बसवावीत तर आठवड्याच्या आत अंगठा सुटलेला, मग मधलं बोट. कोलेटला वाटलं, आपलाच हात ढिला पडतोय. तिनं पापुद्रा दोनदा काढला, पुसायचं औषध नवं आणलं, कडा आणखी पातळ घासल्या. तरी उचलतंच. मग ती बहिणीवर घसरली. हातमोजे न घालता भांडी घासतेस, डब्यांची झाकणं नखानं उचकटतेस, रात्री तेल लावत नाहीस, आणि सुटलं की घरचा गोंद भरून दाबून टाकतेस, म्हणजे मळ आतच राहतो. ब्रायडीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. झाकणं उघडते खरी, म्हणाली, हाताची सवय जात नाही. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी ही बाई इतकी गरीब कशी झाली, हे कोलेटच्या लक्षात यायला हवं होतं.

कम्युनियनच्या आठवड्यातला मंगळवार. कोलेटनं ठरवलं, डागडुजी पुरे, सगळं काढून पहिल्यापासून बसवू. बोटं द्रावणात भिजवून तिनं अंगठ्यावरचं अॅक्रिलिक सोडवलं, तसा एक घाणेरडा वास आला. तिला वाटलं, आत पाणी मुरलं असेल. मऊ ब्रशनं ती कड साफ करायला गेली, आणि खालचं खरं नखच हललं. अर्ध्यापर्यंत ते मांसापासून सुटलेलं होतं, पिवळट, मधे तपकिरी, आणि त्याखाली मळाची रेघ. दुसरं बोट तसंच. तिसरंही.

कोलेटनं ब्रश खाली ठेवला. तिच्या कामात काही चुकलं नव्हतं. अॅक्रिलिक नखाला घट्ट धरून होतं, नखच ब्रायडीला सोडून चाललं होतं.

मग ब्रायडीनं सांगितलं. औषधानं असं होतं, हे हॉस्पिटलातल्या नर्सनं पहिल्याच सलाइनला सांगून ठेवलं होतं. नखं बारीक कापा, कोरडी ठेवा, वरून काही चिकटवू नका. आत घाण कोंडली आणि जंतू रक्तात गेले तर तुमच्या अंगात आत्ता लढायला काही नाही, असंही म्हणाली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?" कोलेटनं विचारलं.

"सांगितलं असतं तर केली असतीस?"

ब्रायडीनं हात दिव्याखाली धरून जरा वेळ पाहिले. "नख उचललंय," ती म्हणाली, "आता देवानं मालकिणीला उचललं की खिडकी बंद."

कोलेट हसली नाही. तिनं एकेक नख बारीक कापलं, कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. ब्रायडी म्हणाली, आता बसव. शनिवारपुरती. रविवारी काढून टाक, मी चूं करणार नाही. कोलेट नाही म्हणाली. पांढरे हातमोजे घाल, मी शिवून आणते, म्हणाली. त्यावर ब्रायडीनं विचारलं की मी पोरीचा वेल टाचायला जातेय की हॉटेलात ताटं वाढायला. मग उठून कोट चढवला.

"आमची कोलेट मोठी धर्माची," दाराशी जाऊन ती म्हणाली. "बाजारातल्या त्या नखं बसवणाऱ्या पोरी करतील. त्या काही विचारत नाहीत."

बुधवारी कोलेटनं जपमाळ घेतली आणि एकही फेरी पुरी झाली नाही. नाही म्हटलं ते बरोबरच होतं. पण बरोबर वागून झालं काय, तर बहीण अशा हातांत जाणार जिथं पापुद्रा काढत नाहीत, पुसत नाहीत, ओल्या नखावर थापून मोकळ्या होतात. आपण केलं तर निदान स्वच्छ तरी होईल. की हे स्वतःचीच समजूत घालणं? तिनं मरियेला विचारलं. उत्तर आलं नाही, किंवा आलं असेल तर तिला कळलं नाही.

गुरुवारी दुपारी तिनं फोन केला आणि म्हणाली, ये, मी बसवते.

ब्रायडी पलीकडून म्हणाली, "झाली गं करून. छान झालीत."

शनिवारी चर्चच्या ओसरीत पांढऱ्या झग्यांची गर्दी होती. ब्रायडी नव्या रुमालात आली होती, ओठांना लाली, आणि बोटांवर तीच पोवळ्याच्या रंगाची नखं. ऑर्ला मान ताठ ठेवून उभी होती. ब्रायडी वाकली, वेल सारखा केला, पिना लावल्या, आणि हात मागे घेताना जाळी अंगठ्याच्या नखात अडकली. जाळी अडकते तिथं कड सुटलेली असते. दोन दिवसही टिकलं नव्हतं.

"आजी, ओढू नकोस," ऑर्ला म्हणाली.

कोलेट पुढं झाली. ओढलं असतं तर खालचंही सगळं निघून आलं असतं. तिनं श्वास धरून एकेक धागा सोडवला. जवळून तो वास आलाच. ब्रायडीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि पोरीच्या डोक्यावरून नुसती मान हलवली. बोलू नकोस.

"तुझी नखं कित्ती मस्त आहेत," ऑर्ला म्हणाली. ब्रायडीचा चेहरा असा उजळला की कोलेटला बाजूला बघावं लागलं.

घंटा झाली. मुलं रांगेनं आत निघाली, त्यांच्यामागून घरची माणसं. दाराशी दगडी पात्रात पवित्र पाणी होतं. पुढं जाणारा प्रत्येक जण त्यात बोटं बुडवत होता, चिमुकले हात, म्हाताऱ्यांचे हात. ब्रायडीची पाळी आली. एरवी टेकवल्यासारखी बोटं लावणाऱ्या ब्रायडीनं आज पेरापर्यंत बुडवली आणि तशीच आत ठेवली. मागच्यांना थांबावं लागलं. तिचे ओठ हलत होते. पाणी कुठल्या वाटेनं कुठं शिरतंय ते कोलेटला एकेका नखापुरतं दिसत होतं. पात्रापाशी उभ्या असलेल्या बहिणीला बोटं बाहेर काढ असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

ब्रायडीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. कोलेटनं पर्समधून कागदी रुमाल काढून पुढं केला. बोटं कोरडी कर गं, एवढंच हळूच म्हणाली.

"वेडी का तू," ब्रायडी म्हणाली. "हे पाणी पुसायचं नसतं."

आणि ओली बोटं अंगापासून लांब धरून ती पुढच्या बाकाकडे चालू लागली.