टिंब नसलेले पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. एवढे एक वाक्य डोळे मिटून खरे माना. माझ्याबद्दल पुढे जे जे छापून आले, भाषणांत सांगितले गेले, त्यातले बरेचसे खोटे होते, आणि दुर्दैव असे की ते खोटे माझ्याच अंगावर लिहिलेले आहे.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. फाटके सदरे, विटलेल्या चादरी, कुणाच्या तरी बाळाची लंगोटीसुद्धा असेल त्यात. सगळे पाण्यात कुजवले, कुटले, त्याचा लगदा चाळणीवर उचलला आणि आम्हा भावंडांना दोरीवर वाळत घातले. मग एका लेखनिकाने आमच्यावर प्रार्थनांचा एक ग्रंथ उतरवून काढायला घेतला. थोरली भावंडे एकेक करून भरत गेली. मी शेंडेफळ, सगळ्यांत शेवटी. माझी पाळी येणार म्हणून मी श्वास रोखून बसले होते.

माझ्या आधीच्या पानाच्या तळाशी त्याने शेवटच्या प्रार्थनेची शेवटची ओळ सुरू केली: 'ज्याने माझ्या तोंडावर दार लावले, त्यालाही'. तिथे पान संपले. त्याने बोरू पुसला, उठला आणि गेला. तो आजारी पडला, की कुणी हाक मारली, की पुढचे शब्द त्यालाच ठाऊक नव्हते, हे मला माहीत नाही. तो परत आला नाही, एवढे माहीत आहे. मी कोरे राहिले.

पुढे ग्रंथाला पुठ्ठा चढला, पुठ्ठ्याला कापडी अस्तर लागले, आणि बांधणाऱ्याच्या घाईत मी त्या अस्तराखाली चिकटले. मग किडा आला. पहिल्या पानापासून सरळ बोगदा खणत, वाटेतली अक्षरे फस्त करत तो माझ्यापर्यंत पोचला. माझ्याकडे अक्षर एकही नव्हते. पण भुकेल्याला चवीचे काय! त्याने मलाही सोडले नाही. थोरल्या भावंडांच्या अंगावर जिथे भोके होती, तिथेच माझ्याही अंगावर पडली. मला त्याचे वाईट वाटले नाही. निदान एका बाबतीत तरी मी त्यांच्यासारखे झाले होते.

पिढ्या गेल्या. ग्रंथ एका मोठ्या ग्रंथालयात आला आणि तिथे मला मामा भेटले. मामा म्हणजे माझे नव्हेत, एका मुलाचे. पण अस्तराखाली मला दिवसभर 'मामा, हे काय? मामा, ते काय?' एवढेच ऐकू यायचे, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसले. मामा जुन्या लिप्यांचे अभ्यासक. त्यांची बहीण गेली आणि तिचा मुलगा मामा-मामींनी पोटच्या पोरासारखा वाढवला. शाळा सुटली की तो ग्रंथालयात यायचा. मामा त्याला शेजारी बसवत, रद्दीतला जुना कागद पुढ्यात ठेवत आणि हाताला हात धरून जुने वळण गिरवायला लावत.

"हळू! भोकाच्या कडेवर बोरू टेकवायचा नाही," मामा म्हणायचे. "कागद म्हातारा आहे, फाटतो. त्याची जखम दिसली की बाजूने जायचं."

"अक्षर मोडतं मग," भाचा कुरकुरायचा.

"मोडू दे. अक्षर पुन्हा लिहिता येतं, कागद पुन्हा आणता येत नाही."

मित्रांनो, असे बोलणारा माणूस आपल्याला भेटावा असे कोणत्या पानाला वाटणार नाही? अस्तराखाली माझा ऊर भरून यायचा.

मामांचे सगळे आयुष्य त्या अर्ध्या ओळीत अडकले होते. शेवटचे पान हरवले, असे सगळेच धरून चालले होते. त्यावर काय असेल? मामांचे म्हणणे, 'त्यालाही आत घे' असेच असणार. प्रार्थना म्हणजे काही फिर्याद नव्हे. त्यांचे जुने मित्र दाढीवाले म्हणत, छट्, आधीच्या सगळ्या प्रार्थना कडक आहेत, तेव्हा इथेही 'त्यालाही बाहेर ठेव' हेच हवे. दोघांनी त्यावर एकेक जाडजूड पुस्तक लिहिले. भर सभेत एकमेकांची सालटी काढत आणि नंतर एकाच छत्रीतून घरी जात. ग्रंथालयातली मंडळी मात्र मामांना मागून 'अर्धी ओळ' म्हणत. "अर्धी ओळ आली रे, खिडकीजवळची खुर्ची मोकळी करा!" मामा ते ऐकून हसायचे. भाचा हसायचा नाही.

भाचा मोठा झाला, ग्रंथालयातच जुन्या ग्रंथांच्या दुरुस्तीला लागला. एके दिवशी पुठ्ठ्याचे अस्तर उसवताना त्याला मी सापडले. केवढा उजेड पडला अंगावर! वाटले, आता हा ओरडणार, मामांना हाक मारणार. त्याने दाराकडे पाहिले. मग मला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातले आणि घरी नेले.

त्याने काजळी आणि डिंक खलून शाई केली, ती उन्हात ठेवून, पाणी घालून फिकी केली. रद्दी कागदांवर तो कितीतरी दिवस हात बसवत होता. शेवटी बोरू माझ्या अंगाला टेकला. मित्रांनो, इतकी शतके मी ज्याची वाट पाहिली, ते घडत होते. खरे सांगते, पहिले अक्षर उमटले तेव्हा मला आनंदच झाला. 'आत घे' हे शब्द, आणि खाली समाप्तीचा चांगला लांबलचक मजकूर, सगळे त्याने सुरेख लिहिले. लिहिताना माझ्या एकाही भोकाला त्याने धक्का लावला नाही. जखम दिसली की बाजूने गेला. मला वाटले, किती जपतो हा मला! तो मला विकत होता, हे मला नंतर कळले.

मग त्याने मला पुन्हा अस्तराखाली दडवले, एक दिवस सगळ्यांसमोर ते उसवण्याचे नाटक झाले आणि मी 'सापडले'. मामांनी मला हलकेच हातात घेतले. त्यांनी आधीचे पान आणि मी एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. भोकाला भोक तंतोतंत जुळले. आणखी काय पुरावा हवा? कागद तोच, किडा तोच. ओळ वाचून ते खाली बसले, आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत रडला.

सभा भरली. दाढीवाले उठले आणि म्हणाले, "मी हरलो. आनंदाने हरलो. माझं पुस्तक आता पुन्हा छापू नका." टाळ्यांनी सभागृह दणाणले. मामांना मानपत्र मिळाले, भाच्याला हस्तलिखित विभागाची मोठी खुर्ची. मी टेबलावर पडून सगळे ऐकत होते. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

आता ग्रंथ नव्याने छापायचा ठरला. मजकूर उतरवण्याचे काम मामांकडेच आले, आणि खास परवानगीने ग्रंथ त्यांच्या घरी. मामांची एक पद्धत होती. किड्याने खाल्लेले अक्षर ते अंदाजाने भरत नसत. त्याच्या जागी एक टिंब देत. प्रत्येक पानावर अशी टिंबे. शेवटी माझी पाळी आली. मामी चहा घेऊन आल्या.

"खिडकीत ठेव. कागदाजवळ नको," मामा म्हणाले. "बघितलंस का? या पानावर एकसुद्धा टिंब द्यावं लागलं नाही. सगळी अक्षरं शाबूत!"

"बरंच झालं की," मामी म्हणाल्या.

"बरंच झालं," मामा म्हणाले. मग त्यांचे लेखणी धरलेले बोट थांबले. त्यांनी आधीचे पान उचलले, माझ्याशेजारी ठेवले. तिथे तोच बोगदा एका अक्षराच्या पोटातून गेला होता. माझ्यावर, बरोबर त्याच जागी, अक्षर अंग चोरून भोकाच्या बाजूला उभे होते. पुढच्या भोकाशी तेच. त्याच्या पुढच्याही. चहा खिडकीत थंड झाला. मामी दोनदा येऊन गेल्या, मामांना कळले नाही.

संध्याकाळी भाचा आला. मामा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "किडा फार शहाणा निघाला रे. बाकीच्या पानांवर दिसेल ते अक्षर खात सुटला, आणि तुझ्या पानावर येऊन सोवळ्यात बसला. एकाला शिवला नाही."

भाचा हसला. "भोकं आधीची असतील, मामा. लेखनिकाने चुकवून लिहिलं असेल."

"बोगदा एकच आहे. लिहिण्याच्या आधी तो पडला असेल, तर मागच्या पानांवरची अक्षरं कशी खाल्ली गेली?"

भाचा टेबलावरची पाने सरळ करू लागला.

"भोक दिसलं की बाजूने जायचं, हे मी आयुष्यात एकालाच शिकवलं."

मग भाचा घाईघाईने बोलू लागला. "लोक तुम्हाला अर्धी ओळ म्हणायचे, मामा. शिपायापासून सगळे. मला ऐकवायचं नाही. मी तुमच्यासाठी केलं."

"माझ्यासाठी केलंस, मग खुर्ची तुला कशी मिळाली?"

"ती... ती आपोआप मिळाली. मामा, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. भोकांपाशी दोन-चार अक्षरं खरवडून टाकतो. कुणाला कळणार नाही."

मामांनी माझ्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका थंड होता की मी आजही विसरलेले नाही. "अरे गाढवा," ते म्हणाले, "हे पान कोरं होतं ना? तू काढलंस तेव्हा कोरं होतं ना? कोरं पान घेऊन आला असतास तरी मी नाचलो असतो! पान हरवलंच नव्हतं, लिहिणारा इथेच थांबला होता, हे कळलं असतं आम्हाला. जे खरं होतं तेच तू बुजवलंस. आणि मी, माझ्या मनातलं समोर आलं म्हणून डोळे असून आंधळा झालो."

भाचा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामांनी दाढीवाल्यांना घरी बोलावले आणि सगळे सांगितले. दाढीवाले माझ्याकडे भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "तू गप्प बसला असतास तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

"मला कळलेलं होतं ना."

"पोराचं काय होईल?"

"त्याने माझं काय होईल हा विचार केला होता का?" मामा म्हणाले. त्यांच्या तोंडी असा कडवटपणा मी पहिल्यांदाच ऐकला. "तुझं पुस्तक छापायला सांग परत."

"कशाला? लिहिणाराच थांबला म्हणतोस, मग तूही चुकलास आणि मीही." दाढीवाल्यांनी टोपी उचलली. पाऊस होता. त्या दिवशी छत्रीत ते एकटेच गेले.

मामांनी सभेत उभे राहून सांगितले. मानपत्र परत केले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीच आता 'आम्हाला तेव्हाच संशय आला होता' म्हणून हात झटकले. कुणी कुजबुजले की मामा आणि भाचा दोघे सामील असणार. भाच्याची खुर्ची गेली, नोकरीही गेली.

मला ग्रंथालयात परत न्यायच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. मामी बघून आल्या. "अहो, तो आलाय. दारात उभा आहे. फार वाळलाय हो."

मामा माझ्यासमोर बसले होते. माझ्या अंगावरचे दोन शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे होते. या दोन शब्दांसाठी ते जन्मभर भांडले होते. मला वाटले, आता उठतील. उठा ना, मामा!

"सांग त्याला, मी घरात नाही."

"मी नाही खोटं सांगणार," मामी म्हणाल्या. "या घरात खोटं पुरे झालं."

त्या तशाच उभ्या राहिल्या. दार पातळ होते, बाहेर सगळे ऐकू गेले असणार. थोड्या वेळाने पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मामी रडल्या. मामा रडले नाहीत, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटले.

आता मी काचेच्या पेटीत असते. शेजारी माझे आधीचे भावंड. ग्रंथालयातल्या बाईंनी माझ्याखाली चिठ्ठी लावली आहे: 'बनावट पान'. शाळेतली मुले येतात, वाकून बघतात आणि फिदीफिदी हसतात. मित्रांनो, हसा, पण एक ऐका. बनावट माझ्यावरचे लिखाण आहे, मी नव्हे. मी त्या चिंध्यांचेच आहे, ही भोके माझीच आहेत, आणि शेवटी खरे बोलली ती तीच. म्हणून जुन्या कागदाला जपा, त्याच्या जखमांनाही जपा. आणि कुणी तुमच्या अगदी मनातले तुमच्या हातात आणून ठेवले, तर नाचण्याआधी ते एकदा खिडकीशी धरून बघा.

परवा मामा आले होते. काठी टेकत, एकटेच. काचेवर त्यांनी तळहात ठेवला, असा की माझ्यावरचे लिखाण पुरते झाकले गेले. मग शेजारच्या पानाची ओळ ते हळू आवाजात वाचू लागले. 'ज्याने माझ्या तोंडावर दार लावले, त्यालाही', एवढे वाचून थांबले. ओठ पुढचा शब्द शोधत हलत राहिले, पण आवाज काही फुटला नाही. बाई ग्रंथालय बंद करायला आल्या तरी मामा तसेच उभे होते.