बुर्गीच्या छपरावरचा कडा

“झालं का रे? माझी फुलं तळघरात पिवळी पडली!”

बुर्गीने गल्लीतून ओरडून विचारलं, तेव्हा क्विरिन तिच्या छपराच्या बरोबर वर दोराला लटकून एका दगडावर हातोडी मारत होता. त्याने मान वळवली नाही. शेजारच्या दोरावरच्या रूपर्टने पायाने ढोसलं, तेव्हा कुठे त्याने खाली पाहून हात हलवला.

“काय म्हणते?”

“फुलांचं विचारते. एवढी बोंबलली, ऐकू नाही आलं?”

“वारा आहे,” क्विरिन म्हणाला.

वारा नव्हता. खालच्या धुराड्यांतून धूर सरळ वर चढत होता.

ऑस्ट्रियातल्या त्या डोंगराळ गावात बर्फ वितळलं की कडा साफ करायचा, हे क्विरिनच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. हिवाळ्यात भेगांत पाणी गोठून फुगतं आणि दगड सुटे होतात. गल्लीतली घरं कड्याला पाठ टेकून उभी, आणि त्यांच्या डोक्यावर खडकातच कोरलेलं जुनं चॅपल. म्हणून एकेक दगड ठोकून बघायचा. घट्ट असला तर खणखणीत वाजतो, सुटा असला तर बद्द. एकाने ठोकायचं, मग त्याच दगडावर दुसऱ्याने. दोघांचं जुळलं, की थोरल्याने त्या घराचं नाव घेऊन हाक द्यायची, ‘साफ!’ ती हाक येईपर्यंत कुणी खिडकीत कुंड्या मांडत नसे की माळ्यावर पोरं झोपवत नसे.

थोरला म्हणजे आता क्विरिन. आणि यंदा त्याच्या हाकेला भलतंच वजन आलं होतं. कड्यावर जाळी ठोकायची, असं नगरपालिकेच्या मनात होतं. जाळी म्हणजे कड्याची आणि चॅपलची शोभा गेली, वर उन्हाळाभर घरं रिकामी करायची, म्हणून गल्लीतल्यांचा विरोध. गेल्या शरदात भरसभेत क्विरिन स्वतः उठून म्हणाला होता, “डोंगर म्हणजे काय मासळी आहे, जाळ्यात धरायला?” टाळ्या पडल्या होत्या. शेवटी ठरलं ते असं: क्विरिनने सगळी घरं साफ म्हणून हाक दिली तर जाळी नाही.

त्याने परत हातोडी मारली. टक. गेली दोन वर्षं सगळे दगड त्याला असेच वाजत होते. डाव्या हाताचा तळवा दगडावर ठेवला की थोडी थरथर कळायची, तेवढ्यावर तो निभावून नेत होता. पण आज गारठ्याने तळवाही बधिर झाला होता.

“घट्ट आहे,” तो म्हणाला.

रूपर्टने सरकून त्याच दगडावर हातोडी मारली.

“बद्द आहे, क्विरिन. आणि नुसता हा नाही, मागचा अख्खा पट्टा. पाडायला गेलो तर वरचं सगळं खाली येईल.”

“बरं.”

“तुझं कळतंय मला. केव्हापासून. मी ऐकतो की तुझ्यासाठी. कशाला कुणाला सांगायचं?”

“दोन माणसं एकाच कानावर लटकायची? मग माझ्याऐवजी पोतं बांध दोराला.”

क्विरिन हाक न देताच खाली उतरला. गल्लीतल्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

बुर्गी त्याच्या शाळेतली. नवरा गेल्यापासून कडा साफ करणाऱ्यांचं दुपारचं सूप तिच्याकडेच असे. तिथे नगरपालिकेच्या इंजिनियर एडलिंगरबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

“हाक नाही दिलीस,” बुर्गी म्हणाली.

“नाही दिली.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “बाई, जाळी लावा.”

एडलिंगरबाईंनी चमचा खाली ठेवला. “तुम्ही तर सभेत...”

“म्हणालो होतो. मोठ्या तोंडाने म्हणालो होतो. मला ऐकू येत नाही, बाई. दगड काय सांगतो ते मला कळत नाही.”

बुर्गी ओगराळं हातात धरून तशीच उभी राहिली. बाकी सगळं तिने सोसलं असतं. उन्हाळाभर बहिणीकडे राहणंही सोसलं असतं. पण तिच्या डोक्यात भलताच हिशेब चालू होता.

“आणि गेल्या वर्षीची हाक? वर माझी नात झोपत होती, लीसी. सहा वर्षांची पोर.”

क्विरिन सूपाकडे बघत राहिला. “ती अर्धीच होती, बुर्गी. रूपर्टच्या कानाची तेवढी खरी.”

“जेव आणि जा,” ती म्हणाली.

तो जेवला नाही. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

जाळीच्या कामावर तो आपण होऊन गेला. त्याच दोरावर लटकून खडकात खोल भोकं पाडायची, पोलादी सळ्या आत सोडून सिमेंट भरायचं, वरून जाळी ताणून चकत्या बसवायच्या आणि पान्याने आवळायच्या. चॅपलचा दर्शनी भाग तेवढा मोकळा सोडला. ड्रिलचा आवाज असा, की सगळ्यांच्या कानांवर जाड कानपट्टे. त्या उन्हाळ्यात कड्यावर सगळेच बहिरे होते, आणि क्विरिनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. बुर्गी मात्र परत आली तरी त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी बर्फ वितळलं, तसा सवयीने तो गल्लीत गेला. खिडक्याखिडक्यांत कुंड्या केव्हाच मांडून झाल्या होत्या. कुणी कुणाच्या हाकेसाठी थांबलं नव्हतं. तो गल्लीच्या मधोमध नुसता उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना.

बुर्गी दारातून त्याच्याकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने वर बोट केलं. तिच्या छपराच्या वर जाळीला पोट आलं होतं आणि त्यात पावाच्या लादीएवढा दगड अडकून पडला होता.

“कधी सुटला कोण जाणे. मला काही ऐकू आलं नाही,” ती म्हणाली.

“मलाही नाही.”

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली.

“रूपर्टला सांगतो. काढून नेईल,” क्विरिन म्हणाला. ऐकू कमी यायला लागल्यापासून त्याचा आवाज चढलेलाच असे.

“हळू बोल की, मेल्या! लीसी झोपलीये वर. ताप आहे तिला.”

क्विरिनने टोपी काढली. त्या दगडाकडे पाहिलं, मग त्याच्या खाली माळ्याच्या खिडकीकडे.

“बुर्गी, साफ,” तो म्हणाला, इतक्या हळू की त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.