लाल बाजूत गेलेला नग

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा मी तिचीच वाट बघत होतो. नव्या कामाचा पहिला नग मशीनवरून उतरवून मी तिच्या टेबलावर ठेवला होता. आमच्या कारखान्यात नियम असा, की ज्याने नग बनवला त्याने तो पास करायचा नाही. बनवणारा एक, तपासणारा दुसरा. माझे पहिले नग आमच्या लग्नाआधीपासून तीच तपासायची. त्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली होती, दुपारी कामावर येणार होती. फोन आला तो माझ्या मेहुणीचा. ती त्याच शाळेत दहावीला शिकवते. "भाऊजी, ताई पडली," एवढंच ती बोलली आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला. बाकीचं त्या माणसाने सांगितलं.

शाळेत ती गेली होती मुलांना कारखाना बघायला बोलवायला. दर वर्षी दहावीचा वर्ग आमच्याकडे एक दिवस यायचा. ही तिचीच कल्पना. आमचा शिकाऊ विभागही तिनेच साहेबांच्या मागे लागून सुरू करवला होता. पण अलीकडे मुलं यायची, बघायची, डबे खायची आणि जायची. शिकायला कोणी येत नव्हतं. साहेबांनी सांगून टाकलं होतं, यंदा एकही मूल आलं नाही तर विभाग बंद आणि ती खोली गोदामाला.

तिचं सगळं उरकल्यावर काही दिवसांनी मेहुणी घरी आली.

"यंदाची भेट रद्द करते," ती म्हणाली.

"का?"

"मुलांशी बोलणार कोण? तुम्ही? माझ्या लग्नात चार शब्द बोलायला उभे राहिलात आणि 'जेवून घ्या' म्हणून खाली बसलात."

"जेवण गार होत होतं."

ती हसली, मग रडली, मग उठून कपबशा विसळायला लागली. मी म्हणालो, "येऊ देत मुलं. विभाग तिचा आहे. मी असताना तिथे खोकी रचली जाणार नाहीत."

मुलं आली. सगळ्यांना सुरक्षेचे चष्मे दिले, ते घालून त्यांनी आधी एकमेकांचे फोटो काढले. आत आल्यावर एकजण निराश झाला.

"काका, हा तर दवाखाना वाटतो. तेल कुठेय? ठिणग्या कुठेयत?"

मी त्यांना फिरवलं. संगणकावर नगाचं चित्र काढणारी मुलगी दाखवली. मशीनला कुठे किती कापायचं ते लिहून देणारा दाखवला. यंत्राचा हात नग उचलून ठेवतो, त्या हाताला वळण लावणारा त्यांच्याच शाळेतला निघाला, तेव्हा जरा कान टवकारले गेले. पण माझं बोलणं लवकर संपायचं. ही असती तर तिने प्रत्येक ठिकाणी हसवलं असतं.

"सगळं मशीनच करतंय, मग माणसं कशाला?" एका मुलीने विचारलं. वर्गात तिला वकीलबाई म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"चला, नग बनवू," मी म्हणालो.

बोटाएवढी अॅल्युमिनियमची पिन बनवायची होती. एरवी कापताना मशीनच्या आत थंड पाण्याचा फवारा चालू असतो. पण त्याने काचेतून काही दिसत नाही, म्हणून मुलांसाठी मी तो बंद ठेवला. चकचकीत कीस उडायला लागला तशी मुलं काचेला चिकटली. नग बाहेर आला, मी जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. माप बरोबर. मग मी त्यांना बनवणारा एक, तपासणारा दुसरा, हा आमचा नियम सांगितला. आणि त्याच दमात म्हणालो, "बरोबर आहे, पास."

"पण बनवला तुम्हीच ना?" वकीलबाई म्हणाली. "मग तपासला कोणी?"

"गप्प बस गं," मेहुणी म्हणाली. तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर होती. हल्ली दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन माझे नग उभ्यानेच तपासतो. त्या वेळी तो आला नव्हता.

"बरोबर बोलतेय ती," मी म्हणालो. "ये. इथे बस."

ही गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मी मुलीच्या हातात गेज दिलं. त्याला दोन खाचा असतात. हिरव्या बाजूच्या खाचेत नग गेला पाहिजे, लाल बाजूच्या जरा अरुंद खाचेत जाता कामा नये. एवढंच समजावलं आणि मागे झालो.

हिरव्या बाजूत पिन गेली. मग तिने लाल बाजू लावली. पिन तिच्यातही सरळ आत गेली.

"काका, मी काहीतरी चुकीचं केलं."

"पुन्हा लाव."

पुन्हा गेली. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मी पिन हातात घेतली, ती आता गार लागली आणि माझं मलाच कळलं. पाणी बंद, म्हणून मघाशी नग तापलेला. तापलेला धातू फुगतो. मी घाईत गरम नग मोजला, तो गार होऊन आक्रसला. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ पोरालाही आम्ही हे सांगतो.

"तू नाही चुकलीस, मी चुकलो," मी म्हणालो. "नग नापास. ही लाल रंगाची बाटली. खूण तपासणाऱ्याने करायची."

तिने जीभ दातांत धरून पिनेवर चांगला ठसठशीत ठिपका दिला.

मागून एकजण म्हणाला, "काका, आता तुम्हाला परत दहावीला बसवणार का?"

"बसवते," मेहुणी म्हणाली, "आणि मागच्या बाकावर नाही, माझ्या डोळ्यांसमोर."

सगळे हसले, मीही हसलो. मग प्रश्न सुरू झाले. धातू किती फुगतो, पाणी कुठून येतं, मशीनला तापलेलं कळत नाही का. कळवता येतं, मी म्हणालो, पण ते कळवणाऱ्याला आधी सुचावं लागतं. जेवायची वेळ होऊन गेली तरी मी बोलत होतो. मेहुणी घड्याळ दाखवत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. नंतर मुलांनी पाण्याचा फवारा चालू ठेवून पिना बनवल्या आणि एकमेकांच्या तपासल्या. दोन जिवलग मित्रांचं त्यावरून जुंपलं. वकीलबाईने निवाडा दिला, दोघांच्याही नापास.

निघायच्या वेळी तिने त्या खुर्चीत बसूनच विचारलं, "ही खुर्ची कोणाची आहे?"

"माझ्या बायकोची."

ती पटकन उठली. "बस गं," मी म्हणालो. "बसण्यासाठीच आहे ती."

"इथे बसायला काय शिकावं लागतं?"

मी सगळं सांगितलं. गणित किती लागतं, तेही लपवलं नाही.

निकाल लागल्यावर ती आली, आणि भांडणाऱ्या दोघांतला एक आला. साहेब म्हणाले, "ठीक आहे, गोदामाचं दुसरीकडे बघू." खोलीत आता सकाळी तास चालतो. आठवड्यातून दोनदा तो मी घेतो, आणि लवकर संपत नाही अशी मुलांची तक्रार आहे.

ही गेली त्या दिवशीचं काम दुसरा नग तपासून पुढे गेलं, कधीच पूर्ण झालं. पण मी तिच्या टेबलावर ठेवलेला तो पहिला नग तिथेच आहे, साफसफाईवालेही त्याच्याभोवतीनेच पुसतात. वकीलबाईला तो द्यायचा मी ठरवलं आहे. अजून दिलेला नाही. तो तपासायचा राहिला आहे.