दोरीबाहेरची सावली

पूर्णिमाने लाकडी हातोडी खोडावर मारली आणि कान जवळ नेला. आवाज भरीव आला. हातभर वर पुन्हा मारली, तोही भरीव. मग शिडी चढून तिने पूर्वेकडच्या जाड फांदीच्या बेचक्यात ठोकलं. तिथे आवाज पोकळ होता, रिकाम्या पिंपावर टिचकी मारावी तसा.

खाली बसलेल्या बायकांमध्ये दुर्गाबाईंचा सूप धरलेला हात थांबला.

"काय म्हणतंय झाड, मॅडम?"

"ही एक फांदी धोक्याची आहे. बाकी झाड चांगलं आहे."

"मग फांदी काढा. त्यापायी मैदान कशाला बंद करता?"

पूर्णिमा उद्यान विभागात होती. झाडं तपासणं हे तिचं काम. विश्रांतवाडीतलं हे मैदान सार्वजनिक होतं आणि भोवती पत्र्याच्या घरांची वस्ती. दुपारी घरात बसवत नसे, म्हणून बायका निवडणटिपण, शिवण, तान्ही मुलं घेऊन या पर्जन्यवृक्षाखाली येत. मैदानात दुसरी सावली नव्हती. मागच्या गल्लीतलं मैदान पाइपच्या कामासाठी तात्पुरतं बंद झालं होतं. पाइप कधीच पुरून झाले; आता तिथे पैसे भरून गाड्या लावता येत.

"फांदी पडली तर एकदाच पडंल," दुर्गाबाई म्हणाल्या. "कुलूप लागलं की ते निघत नाही."

पूर्णिमाने खाली उतरून शिडी मिटवली.

तिच्या विभागाचे प्रमुख हिंमतराव साहेब यांच्या मते प्रश्न सोपा होता. फाटक लावा.

"कापायची परवानगी आणि क्रेन सोमवारी मिळतेय, सर. तोवर मी दोरी बांधते. फांदी जिथवर पोचू शकते त्याच्याही बाहेरून."

"पुण्यात लोक सिग्नल पाळत नाहीत. दोरी पाळणार?"

"पाळतील."

"लिहून द्या तसं." त्यांनी कागद पुढे सरकवला. "पण फांदी पडली, तर कोणाला लागो न लागो, त्या दिवशी मैदान बंद. मग ते उघडा म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

तिने लिहून दिलं.

त्यानंतर तिचं लक्ष सारखं पडद्याकडे जाऊ लागलं. घरी, कचेरीत, बँकेच्या रांगेत उभी असताना खिडकीतल्या पडद्याकडे. पडदा हलला की वारा सुटला म्हणून तिला ती फांदी आठवे. पण न हलणारा पडदाही दिलासा देत नसे. या झाडाच्या जड फांद्या वादळात टिकतात आणि कडक उन्हात, वारा पडलेला असताना आपल्याच वजनाने निखळतात, हे तिने वाचलं होतं, एकदा पाहिलंही होतं. तिला निवांत झोप लागेल असं कुठलंच हवामान उरलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती स्कूटरवरून मैदानावर चक्कर मारी. फांदी पडली की मैदान बंद, हे तिने सांगून ठेवलं होतं; बायका दोरीबाहेर असत. सावली सरकेल तशा त्या सूप, मशीन, झोळी उचलून सरकत. एकदा बाळाची एक झोळी दोरीला फारच जवळ वाटली, तेव्हा पूर्णिमा फाटकातून धावतच आत गेली.

"मॅडम, दोरी तुम्ही बांधली, राखतोय आम्ही," दुर्गाबाई म्हणाल्या. "जेवा जाऊन. वाळून चाललाय."

रविवारी पडदा दिवसभर हलला नाही.

सोमवारी सकाळी क्रेनच्या आधी पोचायचं म्हणून ती लवकर निघाली. फाटकातूनच तिला दिसलं, झाडाच्या पूर्वेला आभाळ जास्त होतं.

दोरी जागच्या जागी होती. तिच्या आतली जमीन झाडून काढलेली, खराट्याचे ओरखडे ताजे. पान नाही, काडी नाही. खोडाला एक शिडी टेकलेली होती आणि तिच्या पायाशी रंगकाम करणारा समाधान उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे होते.

"कोणाला लागलं?" पूर्णिमाने विचारलं.

"कशानं लागंल?" दुर्गाबाई खराटा भिंतीला लावत म्हणाल्या.

"ताई, फांदी कापली आम्ही काल," समाधान म्हणाला. "म्हटलं, क्रेनचा खर्च वाचवावा सरकारचा."

पूर्णिमा शिडी चढली. फांदीचा उरलेला खुंट करवतीने सपाट केला होता आणि त्यावर गेरूचा जाड हात दिला होता. पण खाली खोडाची साल हातभर लांब सोलून निघाली होती. तिच्यावरही गेरू होता, घाईने फासलेला.

"कापलेल्या फांदीखाली साल अशी फाटत नाही," ती वरूनच म्हणाली.

खाली दुर्गाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"दुपारी पडली. वारं नव्हतं काही. दोरीच्या आत कुणी नव्हतं, मॅडम. कोंबडीसुद्धा नव्हती."

पूर्णिमाने एका हाताने शिडीचा दांडा धरला. मग पिशवीतून हातोडी काढली. जखमेच्या वर ठोकलं, खाली ठोकलं. उरलेली प्रत्येक फांदी, मग उतरून खोड, सगळ्या बाजूंनी. एकेका जागी दोनदा ऐकलं. आवाज भरीव होता. तरी तिने खोडाला अजून एक फेरी मारली.

फोन वाजला.

"क्रेन निघालीय," हिंमतराव साहेब म्हणाले. "फांदी जागेवर आहे ना?"

"नाही, सर."

"पडली?"

बायका तिच्याकडे बघत होत्या. पूर्णिमाने त्यांच्याकडे पाठ केली.

"नाही. कापली. मीच कापून घेतली, काल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"परवानगी आज होती, मॅडम. परवानगीआधी फांदी तोडणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं? नोटीस निघेल. तुमच्या नावाने निघेल."

"हो, सर. क्रेन परत बोलवा."

तिने फोन पिशवीत टाकला. दुर्गाबाई दोन पावलं पुढे आल्या. काही म्हणणार, तेवढ्यात पूर्णिमा समाधानकडे वळली.

"गेरूने काही होत नाही," ती म्हणाली. "ते सगळं खरवडून काढा. मोरचूद आणि चुना आणा, कसं कालवायचं ते दाखवते. बुरशी धरायच्या आत."