दहा ग्रॅमचा माझा जोर

मी एक जुना नायलॉनचा तंतू आहे. बोटभर लांब, दांडीत बसवलेला. वर्णन संपले. हसू नका, मित्रांनो; मी पाय वाचवले आहेत.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली : दहा ग्रॅमचा भार आला की वाकायचे. आधी नाही. नंतर नाही. पुढे मी पायांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टरीणबाई कुरूप काढत, रुतलेली नखे सोडवत. पण मधुमेहाचा रुग्ण आला की तळव्याला स्पर्श कळतो का, हे बघायला आधी मी.

एकदा मधुमेह असलेले बँडमास्तर आले. मोज्यावर रक्त दिसले म्हणून बायकोने ओढून आणलेले.

"मला काही झालेलं नाही. परवा मिरवणूक आहे, बँडच्या पुढे मीच चालणार."

"चाला की. आधी डोळे मिटा. तळव्याला हा तंतू टेकल्याचं कळलं की हो म्हणा."

टेकवले.
हो.
टेकवले.
हो.
टेकवले.
हो.

(फारच ठेक्यात होते सगळे.)

टेकवले नाही.
हो.
टेकवले नाही.
हो!

"अहो, बाईंचा हात हवेत आहे!" बायको ओरडली.

मास्तरांनी डोळे उघडले. मी तळव्यापासून वीतभर दूर होतो.

"कळत नाही काही," ते हळूच म्हणाले. "दोन महिने झाले. सांगितलं तर मला घरी बसवाल."

बाईंनी त्यांचा बूट उलटा केला.

खण्.

बँडच्या ट्रम्पेटचा इवलासा स्क्रू.

"भाजीत मीठ कमी पडलं तर लगेच कळतं यांना," बायको म्हणाली. आणि रडली.

बाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. "परवा चाललात, तर बोट जाईल. बसलात, तर पुढच्या वर्षी चालाल."

मास्तरांनी बँड वाजवला. मिरवणुकीच्या गाडीवर, खुर्चीत बसून.

मित्रांनो, बूट घालण्याआधी उलटा करून झटका. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांचे तळवे रोज बघा; आरसा धरा, लाजू नका. न दुखणारी जखमही जखमच असते.

आता मी मऊ पडलो आहे, आठ ग्रॅमलाच वाकतो. उद्या माझ्या जागी नवा तंतू येईल. पण माझे शेवटचे काम ऐका. मास्तर दीड महिन्याने आले, जखम भरलेली, पायात मऊ बूट. त्यांनी डोळे मिटले.

टेकवले.

टेकवले.

टेकवले, टाचेला.
हो.

"शाबास, या वेळी खरं सांगितलंत," बाई म्हणाल्या.