हळदीवानी की केशरी

मी बिनशंखाची गोगलगाय बोलतेय. अमरावतीत मला सगळे शेंबडी म्हणतात. तुम्हीही म्हणाल, म्हणून आधीच सांगते, मला नाव आहे.

माझा जन्म रांजणाखालच्या ओलीत झाला. रांजण पार्बताबाईचा, मागची भिंत शेजारच्या हलीमाबीची. भिंतीवर चढले की दोन्ही घरांत काय शिजतेय ते कळायचे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेला आमचीच रुई हवी होती. त्यामुळे गावात ज्याला त्याला कापूसच दिसे. माझ्याकडे बघायची फुरसत या दोघींनाच. रांजण भरताना पार्बताबाई म्हणायची, "सरक वं माय, पाय पडीन."

मग मुंबईचे एक डॉक्टर आले. नाव नसलेले जीव हुडकून त्यांना नाव द्यायचे, हा त्यांचा नाद. त्यांनी दवंडी पिटवली, बिनशंखाची गोगलगाय कुणी पाहिली असेल तर येऊन सांगा. लोक गेले. एकाने जळूचेच वर्णन केले. एकाने मला हातभर लांब केले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी निघणार होते. दोघांचे सांगणे जुळले तरच ते मला बघायला येणार आणि नाव देणार, नाहीतर जन्मभर शेंबडी.

हलीमाबी म्हणाली, "पाठीवर केशरी पट्टा हाय."

पार्बताबाई म्हणाली, "हळदीवानी."

"नीट आठवा. केशरी नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"हळदीवानी," ती खाली बघत म्हणाली.

"मग या दोन वेगळ्या जाती. एकेकीच्या सांगण्यावर नाव देता येत नाही." डॉक्टरांनी दौतीला झाकण लावले.

हलीमाबी उसळली. "दोन कायच्या? काहून वं पार्बता, डोळे गेले का तुये?" आणि एकदम हसत सुटली. "अजी डाक्टरसाब, हिच्या घरवाल्याचं नाव केसरराव. मंग थे रंग कसा बोलीन?"

डॉक्टर तडक रांजणाशी आले. मी शिंगे काढली, अंग ताणले आणि पट्टा दाखवला. हे काम मला छान जमते.

शास्त्रातले माझे नाव लांबलचक आहे, मराठीत 'केशरपाठी'. डॉक्टरांनी विचारले, "आवडलं?"

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. "चांगलं हाय. पण मले घेता येत नाही."

आता मी मुंबईला, स्पिरिटच्या बाटलीत आहे. नाव मिळवायचे तर कुणीतरी बाटलीत जावेच लागते, मी गेले. माझ्या बहिणी अजून त्या भिंतीवर फिरत असतील. तुम्हाला दिसल्या, तर नावाने हाक मारा. पार्बताबाईला माफ आहे, तुम्हाला नाही.